गाव पाहून भाव

लोणावळ्याचं नाव लागलं की मालाचा भाव वाढतो. शेंगदाणा काही लोणावळ्यात पिकत नाही. इथल्या पावसात कुणी भुईमूग पेरलाच तर तो पोहायला शिकेल, शेंगा धरणार नाही. गूळही बाहेरचाच. पण तो परका दाणा आणि तो परका गूळ इथं एकत्र आले, लाटले गेले, खोक्यावर ‘लोणावळा’ असं छापलं गेलं की त्यांच्या अंगी वेगळंच तेज येतं. मुंबईचा माणूस घराखालच्या दुकानातली चिक्की सोडून, एक्सप्रेसवेचा टोल भरून इथं येतो आणि पाच खोकी घेऊन कृतार्थ चेहऱ्यानं परत जातो.

तांदळाचंही तेच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये इंद्रायणी हा वाण आणला. आज पुण्यातल्या वाण्यांकडं ‘अस्सल मावळ इंद्रायणी’च्या पिशव्या छताला टेकल्यात. त्या सगळ्या खऱ्या मानायच्या तर एक्सप्रेसवेच्या निदान दोन मार्गिकांवर भातलावणी करावी लागेल. जमिनीबद्दल तर बोलायलाच नको. पूर्वी ज्या उतारावर म्हैससुद्धा विचार करून उभी राहायची, तिथला गुंठा आज ‘मुंबईपासून दीड तास’ एवढ्या पाटीवर विकला जातो. धुकंही फुकट राहिलेलं नाही. खिडकीतून धुकं दिसणार असेल तर खोलीचं भाडं वेगळं.

दाणा, तांदूळ, जमीन, धुकं. मावळात असल्याचा सगळ्यांना फायदा. तोटा होतो तो एकाच मालाला, आणि तो म्हणजे संगणकाचा प्रोग्रामर.

माझा भाचा हा असा अस्सल स्थानिक माल. जन्म लोणावळ्याचा, घर तुंगार्लीत आणि कंपनी हिंजवडीत. सुरुवातीची काही वर्षं तो लोकलनं जायचा. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड हे स्तोत्र पुटपुटत आकुर्डी गाठायची आणि तिथून हिंजवडीच्या वाहतूककोंडीला शरण जायचं. दुपारी तर लोकलला असा खंड पडायचा की अर्ध्या दिवसाची रजा घेतलेल्या माणसाचा उरलेला अर्धा दिवस फलाटावरच सरायचा. मग करोना आला आणि सगळे घरी बसले. कंपनीच्या लक्षात आलं की पोरं घरी बसूनही काम करतात, उलट जास्तच करतात, कारण ‘लोकल चुकेल’ असं म्हणून त्यांना उठता येत नाही. तेव्हा कंपनीनं उदार मनानं कळवलं, की कायम घरून काम करायला आमची हरकत नाही. फक्त पगार राहत्या गावाप्रमाणे ठरेल.

“म्हणजे काय रे?” मी विचारलं.

“म्हणजे मामा, मी हिंजवडीत बसून जो प्रोग्राम लिहीत होतो तोच आता तुंगार्लीत बसून लिहिणार. पण इथं लिहिला की तो बारा टक्क्यांनी स्वस्त.”

“इथल्या हवेनं आकसतो का?”

“मामा, तुम्हाला नाही कळायचं.”

नाही कळायचं ते खरंच. लोणावळा स्टेशन लोहमार्गानं मुंबईहून १२८ किलोमीटर आणि पुण्याहून ६४. सकाळी फलाटावर जे नोकरदार उभे असतात त्यातला जो मुंबईकडे तोंड करून उभा, त्याला मुंबईचा पगार. जो पुण्याकडे तोंड करून उभा, त्याला पुण्याचा. आणि जो कुठंच तोंड न वळवता घरात बसून तेच काम करील, त्याला लोणावळ्याचा. तोंड बघून पगार देतात असं आम्ही पूर्वी साहेबांच्या आवडत्या माणसांबद्दल म्हणायचो. आता तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघून देतात, एवढीच प्रगती.

यात एकट्या कंपन्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. गावाची जात ठरवण्याचं काम सरकारनं आधीच करून ठेवलं आहे. केंद्र सरकारच्या नोकरांना घरभाडे भत्ता द्यायला शहरांचे तीन वर्ग आहेत: एक्स, वाय आणि झेड. वस्ती पन्नास लाखांच्या वर असेल तर एक्स, पाच ते पन्नास लाख असेल तर वाय, बाकी सगळा देश झेड. २०२४ पासून भत्त्याचे दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के. २०११ च्या जनगणनेत पुण्याच्या नागरी पट्ट्यानं पन्नास लाखांचा उंबरठा जेमतेम ओलांडला आणि वायमधून एक्समध्ये बढती मिळवली. किती जेमतेम? साधारण एका लोणावळ्याच्या वस्तीएवढ्या फरकानं. बढती पुण्याला मिळाली. लोणावळा झेडमध्ये होतं, तिथंच राहिलं.

पुणेकरांनी मात्र या बढतीचे पेढे वाटण्याची घाई करायला नको होती. घरभाड्यावर करसवलत देणाऱ्या प्राप्तिकराच्या १९६२ च्या नियमांत महानगरं चारच होती: मुंबई, कोलकाता, दिल्ली आणि चेन्नई. तिथल्यांना हिशेब पगाराच्या पन्नास टक्क्यांचा, बाकीच्यांना चाळीसचा. पुणं त्या बाकीच्यांत होतं. म्हणजे भत्ता देणाऱ्या खात्याच्या मते पुणं मुंबईच्या पंक्तीला आणि कर घेणाऱ्या खात्याच्या मते लोणावळ्याच्या. सरकारच्या एकाच घरात पुण्याला दोन खोल्यांत दोन वेगवेगळी नावं होती. तेवढ्यापुरता आम्हा लोणावळेकरांना आनंद झाला, नाही असं नाही.

आता मुळात पगार किती, ज्यातून हे बारा टक्के जायचे? प्रोग्रामर म्हटलं की अजूनही आमच्याकडं मुलीचे वडील सरसावून बसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर तरंगत असतो तो २००० सालचा, अमेरिकेला निघालेला जावई. प्रत्यक्षात २०१० च्या सुमारास मोठ्या सेवा कंपन्यांत नवख्या इंजिनिअरला वर्षाला तीन-साडेतीन लाख मिळायचे आणि आजही सरसकट भरती बरीचशी तिथंच आसपास घोटाळते. मधल्या काळात इंजिनिअरिंगची फी, दूध, पेट्रोल आणि वडापाव यांनी आपापली बढती परस्पर घेऊन टाकली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कॉग्निझंटच्या २ लाख ५२ हजारांच्या वार्षिक पॅकेजवरून गदारोळ झाला, तेव्हा कंपनीनं खुलासा केला की ही रक्कम तीन वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी आहे, इंजिनिअरांना चार लाखांपासून पुढं मिळतात. इंजिनिअरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. बीएस्सीवाल्यांनी कुठं सोडायचा, ते खुलाशात नव्हतं. महिन्याचे एकवीस हजार होतात. आमच्या पवनेच्या काठावर तंबू भाड्यानं देणारा पोरगा पावसाळ्यानंतरच्या चार शनिवारांत एवढे कमावतो, आणि त्याला जावा येत नाही.

तिकडं अमेरिकेच्या श्रम खात्याचा आकडा बघा. २०२४ मध्ये तिथल्या सॉफ्टवेअर डेव्हलपरचा मध्यम पगार वर्षाला १ लाख ३३ हजार डॉलरांवर होता. म्हणजे कोट रुपयांच्या वर. हा आकडा मी ताईला, म्हणजे भाच्याच्या आईला, सांगितला नाही. तिला रक्तदाब आहे.

“पण खर्च कमी ना इथं,” असं कंपनीचं म्हणणं. म्हणून मी खर्चाचा तपास केला. लोणावळ्यात घर भाड्यानं घ्यायला गेलं तर मालक आधी विचारतो, “वीकएंडला पाहिजे का?” कुटुंबाला महिनाभर राहायचंय म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. शनिवार-रविवारी मुंबईकर जे देतात त्यात महिनाभराचं कुटुंब त्याला परवडत नाही. घरकामाच्या बाया बंगल्यांवर मुंबईच्या भावानं जातात, त्यामुळं आमच्याकडं त्या फक्त ओळख दाखवायला येतात. भाजीवाल्याच्या मनात शुक्रवार संध्याकाळपासूनच मुंबई भरते. पावसाळ्यात इथं जे पाणी पडतं त्यात कपडे गणपतीपर्यंत वाळत नाहीत. पट्टा, चपला, कपाटातली डिग्री, सगळ्यावर हिरवी बुरशी येते. भाच्याच्या प्रमाणपत्रावरची विद्यापीठाची मोहर आता दिसत नाही, बुरशी मात्र प्रथम श्रेणीची आहे. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर, एका कंपनीचं इंटरनेट दरडीसारखं कोसळतं म्हणून दुसऱ्या कंपनीचंही. लॅपटॉप मुंबईच्याच किमतीत. आणि कर्जाचा हप्ता कापताना बँकेनं ‘पिनकोड ४१०४०१ का? मग थोडा कमी घेतो’ असं म्हटल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं, पण शेजारच्या बंगल्यात वर्केशनवाला उतरला.

वर्केशन म्हणजे सुट्टीच्या जागी येऊन काम करायचं, किंवा कामाच्या वेळी सुट्टी घ्यायची. दोन्ही अर्थ चालतात. हा मुंबईचा तरुण भाच्याच्याच कंपनीत, भाच्याच्याच टीममध्ये, भाच्याच्याच पदावर. जूनमध्ये पाऊस बघायला आला तो सप्टेंबरपर्यंत हलला नाही. सकाळी दहाच्या मीटिंगला दोघं दोन लॅपटॉपवर हजर, मध्ये कुंपणाची भिंत. एकदा वीज कडाडली. आधी भाच्याच्या माईकमधून ऐकू आली, अर्ध्या सेकंदानं शेजाऱ्याच्या. बंगळूरहून मॅनेजरनं विचारलं, “तुम्ही दोघं एकाच ठिकाणी आहात का?” भाचा म्हणाला, “हो.” शेजारी म्हणाला, “नाही, मी बेस लोकेशन मुंबई.” मॅनेजरचं समाधान झालं.

त्याच रात्री कुठल्या तरी अमेरिकन विमा कंपनीचं काहीतरी बंद पडलं आणि बंगल्यातलं इंटरनेटही त्याच मुहूर्तावर गेलं. शेजारी डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घालून, लॅपटॉप पोटाशी धरून आमच्या दारात. दोघं एकाच खाटेवर, एकाच पंख्याखाली बसले. बिघाड भाच्यानं शोधला. तारखेच्या रकान्यात दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली होती, त्यामुळं अमेरिकेतली काही माणसं जन्मण्यापूर्वीच विमा उतरवून बसली होती. पहाटे दोनला सगळं सुरळीत झालं. ताईनं पिठलं-भाकरी वाढली आणि आपल्याकडं पाहुण्याला विचारतात तसं सहज विचारलं, “तुम्हाला किती मिळतात हो?”

त्यानं भोळेपणानं सांगितलं. भाकरीवर पडणारी तुपाची धार मध्येच आखडली.

ही तऱ्हा आमच्याकडचीच नाही. २०२१ मध्ये गुगलनं अमेरिकेतल्या आपल्या नोकरांसाठी पगाराचा एक गणक काढला होता. रॉयटर्सनं त्याचा नमुना छापला: न्यूयॉर्कपासून आगगाडीनं तासाभरावर स्टॅमफर्ड नावाचं गाव आहे. तिथून रोज न्यूयॉर्कला जाणाऱ्यानं घरून काम करायचं ठरवलं तर पगार पंधरा टक्के कमी. न्यूयॉर्कमध्येच राहणारा घरी बसला तर एक सेंटही कमी नाही. स्टॅमफर्ड म्हणजे त्यांचं लोणावळाच, फक्त चिक्की नसलेलं. गिटलॅब नावाची कंपनी तर पगाराच्या सूत्रात गावाचा गुणक उघडउघड धरते. उलट ३७सिग्नल्ससारखी एखादी कंपनी म्हणते, माणूस कुठंही राहो, पगार सॅन फ्रान्सिस्कोच्या मापानं. ही दुसरी बातमी भाच्यानं छापून देवघरात लावायची ठरवली होती. छापण्यापूर्वी त्यानं तिथल्या जागा पाहिल्या. मोजक्या होत्या, आणि अर्जदारांत सगळं जग होतं.

खरं तर परगावच्या ग्राहकाचं काम मावळात बसून करून देण्याची रीत हिंजवडीहून बरीच जुनी आहे. पुण्यात १९८१ मध्ये दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस उभी राहिली आणि तिचा पहिला ग्राहक न्यूयॉर्कचा निघाला, याचं आपण कौतुक करतो. कार्ल्याच्या लेण्यात जाऊन बघा. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो चैत्य. खांबांच्या देणगीदारांत स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत. ओसरीतल्या लेखात वैजयंतीचा भूतपाल नावाचा शेठ सांगतो, की हे शैलगृह मी पुरं केलं आणि जंबुद्वीपात याला तोड नाही. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी. तेव्हाही मोठं पाकीट कर्नाटकाकडंच होतं. त्याच लेण्यात आणखी एक लेख सांगतो, की दाराचं काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुतारानं केलं. नाव आहे, बापाचं नाव आहे, गाव आहे. मजुरी किती मिळाली ते नाही. मावळातल्या कारागिराला पगारवाढीऐवजी मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. हल्ली ते ईमेलनं येतं आणि सगळ्या टीमला कॉपी असतं.

या सगळ्या विषयावर मला सर्वांत स्पष्ट अर्थशास्त्र शिकवलं ते टायगर पॉइंटच्या कणीसवाल्यानं. निखाऱ्यावर कणीस फिरवताना त्याची नजर कणसावर नसते, येणाऱ्या गाडीच्या नंबरावर असते. एमएच ०१, ०२, ०३ आली की एक भाव. एमएच १२ आली की त्याहून थोडा जास्त, कारण पुणेकर घासाघीस करणार, ती जागा आधीच धरून ठेवायची. एमएच १४ म्हणजे आपल्याच मावळातली किंवा पिंपरी-चिंचवडची. मग आधी विचारायचं, “कुठल्या गावचं पाव्हणं?” आणि उत्तरावर लिंबाची फोड लहान की मोठी ते ठरवायचं.

“आणि तू राहतोस कुठं?” मी विचारलं.

“कुरवंड्यात. पण ते गिऱ्हाइकाला कशाला पाहिजे? माझ्या घरभाड्यावर त्याचं कणीस भाजायचंय का?”

बीकॉम, एमकॉम होऊन हे वाक्य मला सुचलं नव्हतं. कणीसवाला घेणारा कुठला ते बघून भाव करतो. कंपनी विकणारा कुठला ते बघून भाव करते. आणि गंमत म्हणजे तीच कंपनी अमेरिकेतल्या ग्राहकाला तासाचं बिल लावताना कणीसवाल्याच्या शाळेत जाते. तिथं गाडीचा नंबर अगदी नीट वाचते.

मी हे तत्त्वज्ञान भाच्याला ऐकवलं. तो पेटून उठला. समान कामाला समान दाम, गाव विचारणं हा अन्याय, वगैरे बरंच बोलला. ताई डबडबल्या डोळ्यांनी ऐकत होती. इतक्यात त्याचा फोन वाजला. पवनेकाठच्या तंबूवाल्या मित्रासाठी तो एक बुकिंगची वेबसाइट करत होता आणि त्यातलं थोडं काम त्यानं वेल्ह्याच्या एका पोराला दिलं होतं. पोरगा पैशांचं विचारत होता. भाचा तोंडावर हात धरून म्हणाला, “अरे, एवढे कसे? वेल्ह्यात तुला खर्च तो काय असतो?”

ताईनं डोळे पुसले. मी पंख्याकडं बघत राहिलो. खाली बघणारा प्रत्येक जण उतार मोजतो आणि वर बघणारा अन्याय मोजतो. घाटातली माणसं आम्ही, आम्हाला दोन्ही जमतं.

पण प्रश्न उरतोच: जागेमुळं मालाला भाव येतो, तर माणसाला का येऊ नये? यावर मला एक तोडगा सुचला होता. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये. अमुक गुण अमुक मातीतूनच येतो, असं सरकारनं मान्य केलं. तर मग ‘मावळी प्रोग्रामर’लाही ते का नसावं? विशेष गुण: वीज गेली तरी काम सेव्ह केलेलं असतं. दरड, धुकं आणि रविवारची कोंडी यांच्यातून वाट काढायची लहानपणापासून सवय. चार महिने घराबाहेर पडता येत नाही, त्यामुळं एकाग्रता उत्तम. असा माल बंगळुरात होत नाही.

मळवलीकडचे आप्पा आमच्याकडं वर्षाचा तांदूळ घालतात. पोतं टेकवून ते चहा पीत बसले होते. त्यांनी माझी सगळी योजना ऐकून घेतली.

“करा की,” ते म्हणाले. “इंद्रायणीलाबी नाव लय मोठं झालंय. पर नावाचा भाव पिशवीला मिळतो, भाताला नाय. पिशवी ज्याची, पैका त्याचा.”

भाचा लॅपटॉपवरून मान वर करून आप्पांकडं बघत राहिला. कंपनी म्हणजे काय, हे त्याला एवढ्या वर्षांत कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. पुढच्या महिन्यात त्यानं नोकरी न सोडता, पण कंपनीच्या नियमांची नीट पारायणं करून, सोडायचीच तयारी सुरू केली. आता त्याची स्वतःची छोटी पिशवी आहे. वेल्ह्याचा पोरगा तिच्यात भागीदार आहे, कारण तेवढ्या पैशांत नोकर म्हणून यायला त्यानं साफ नकार दिला.

परवा त्यांच्याकडं पहिला परदेशी ग्राहक आला. व्हिडिओ कॉल सुरू झाला. पलीकडच्यानं हसून पहिलाच प्रश्न टाकला, तुम्ही भारतात नेमके कुठं असता? हे विचारण्यामागचा हिशेब आता आमच्या घरात शाळकरी पोरालाही कळतो. भाच्यानं खिडकीबाहेरचं धुकं कॅमेऱ्यात दिसेल अशा बेतानं लॅपटॉप फिरवला, हे हिल स्टेशन आहे, इथं राहणं फार महाग पडतं, असं सांगितलं आणि मग अदबीनं विचारलं, “आपण कुठले?”

“झुरिक.”

वेल्ह्याच्या पोरानं टेबलाखालून कोटेशनचा कागद मागं घेतला आणि दुसरा पुढं सरकवला.